टाकीचा उपास

आमच्या ह्यांनी, म्हणजे काशीनाथरावांनी, सगळी नोकरी औषधाच्या कंपनीत दुसऱ्यांच्या गोळ्या तपासण्यात काढली. गोळीचा रंग बरोबर आहे का, ती वेळेत विरघळते का, हे बघायचं आणि सही करायची. गोळी पास झाली तरी ह्यांचा चेहरा ती नापास झाल्यासारखाच असायचा. कंपनीनं तो विभाग गुजरातेत हलवला तेव्हा ह्यांनी लवकर निवृत्ती घेतली, आणि तपासायला गोळ्या उरल्या नाहीत म्हणून घर तपासायला घेतलं. आमटी कालच्यापेक्षा पातळ का, पंखा आवाज का करतो, निशीची वेणी डावीकडेच का झुकते. निशी म्हणजे आमची एकुलती एक निशिगंधा, तेव्हा नुकतीच अकरावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली.

ही पंचाण्णव सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. परळची खोली विकून आम्ही भाईंदर पूर्वेला इंद्रलोकात ब्लॉक घेतला होता. इंद्राच्या त्या लोकात नळाला दिवसाआड पाणी यायचं. बिल्डरनं मात्र गच्चीवर दोन टाक्या कबूल केल्या होत्या. एक पुरती बांधली. दुसरीच्या भिंती गुडघ्याइतक्या वर आल्यावर तो जो गेला तो पुन्हा दिसला नाही. त्या अर्धवट टाकीत बायका पापड वाळवायच्या. ह्यांना तीत भविष्य दिसलं.

झालं असं की ह्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं, मिठागराच्या पाण्यात एक शेवाळ असतं, नुसत्या डोळ्यांना न दिसणारं. एरवी ते हिरवं असतं, पण विशिष्ट परिस्थितीत त्यात कॅरोटीन साठतं, म्हणजे गाजराला रंग देतं तेच, आणि शेवाळ लालभडक होतं. त्या कॅरोटीनच्या गोळ्यांना परदेशात भलता भाव.

"आणि आपण मिठागराच्या काठावर राहून गाजरं विकत आणतोय," हे म्हणाले. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच ह्यांच्या आवाजात जीव आला होता, म्हणून मी कोशिंबीर पुढे सरकवली.

सोसायटीनं परवानगी दिली, कारण टाकीत पाणी असलेलं बघायला सगळेच आसुसलेले होते. जवळच्या मोरवा गावात मिठागरावर काम करणाऱ्या बबननं तिथलं पाणी कॅन भरभरून आणून दिलं. शेवटचा कॅन चौथ्या मजल्याच्या वर गच्चीत चढवल्यावर तो घाम पुसत म्हणाला, "काका, यात मासली न्हाय, काय न्हाय. वर आनून काय करनार?" ह्यांनी त्याला कॅरोटीन समजावून सांगितलं. बबननं सगळं ऐकून घेतलं, चहा प्यायला आणि जाताना जिन्यात मला हळूच विचारलं, "काकांची तब्येत बरी हाय ना?"

मग खत सुरू झालं. खत म्हणजे मुख्यतः युरिया. पहिली पिशवी उघडली त्या दिवशी ह्यांनी मला गच्चीवर बोलावलं. "मनोरमा, हात ओला कर," म्हणाले, आणि माझा हात धरून तळहातावर पांढऱ्या दाण्यांची मूठ ठेवली. दाणे विरघळायला लागले तसा हात गारेगार पडला. "बघ. विरघळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो तो." लग्नानंतर ह्यांनी आपणहून माझा हात धरल्याचे प्रसंग फार नाहीत. हा त्यांतला एक, आणि तोही युरियासाठी. तरी मला बरं वाटलं.

पंधरवड्यात टाकी हिरवीगार झाली. कंपनीच्या लिलावात घेतलेला सूक्ष्मदर्शक ह्यांनी गच्चीवर मांडला आणि सगळ्या बिल्डिंगला दर्शन घडवलं. काचेवरच्या थेंबात इवलाली हिरवी पेरूच्या आकाराची पोरं सुळसुळ पोहत होती. प्रत्येकाला पुढे दोन शेपट्या.

"आ तो नाचे छे!" शेजारच्या हंसाबेन ओरडल्या.

"माय गो, जीव हाय त्यात," तिसऱ्या मजल्यावरची शालू म्हणाली. शालू रत्नागिरीची. सोमवार, गुरुवार, दोन्ही चतुर्थ्या आणि एकादश्या करून उरलेल्या दिवशी ती जेवते.

कौतुक ऐकून ह्यांची छाती फुगली. आपण काय दाखवून बसलो हे ह्यांच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

मे महिना लागला आणि जेवताना ह्यांनी सिद्धांत मांडला. "हे शेवाळ सुखात असलं की हिरवं राहतं. खातं, पितं, वाढतं. कामाचं असं काही बनवत नाही." एवढं बोलून हे निशीकडे बघायला लागले. निशी कैरीची फोड मीठ लावून चोखत होती आणि पायानं कुठल्यातरी गाण्याचा ठेका धरत होती. "खत तोडायचं. मीठ वाढवायचं. उन्हात भाजायचं. मग त्याला भीती वाटते, आणि भीतीनं ते लाल होतं. त्या लालीला बाजारात किंमत आहे. हिरव्याला कुत्रं विचारत नाही."

"बाबा, माझ्याकडे बघून का बोलताय?" निशीनं विचारलं.

ह्यांनी खिशातून एक पत्रक काढलं. घाटावरचा कुठलासा निवासी क्लास. बारावीच्या पोरांना काळोखात उठवायचे, घरचा डबा नाही, गाणं नाही, आईबापांनी भेटायचं ते सहामाहीला. वर छापलं होतं: ताणाशिवाय तेज नाही. अकरावीत निशीला अडुसष्ट टक्के पडले होते आणि तिला डॉक्टर करायचं हे ह्यांनी ती पाळण्यात असताना ठरवलं होतं. तिला काय व्हायचंय हे ती पाळण्यातून उतरल्यावरही कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

"पण मी बिनपुराव्याचा माणूस नाही," हे म्हणाले. "आधी शेवाळ, मग मुलगी. पावसाच्या आधी मृणालिनी तपासायला येतेय." मृणालिनी ही ह्यांच्या हाताखाली तयार झालेली केमिस्ट, आता दुसऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती. "टाकी लाल झालेली तिनं पाहिली की निशीला जूनमध्ये पाठवायचं. नाही झाली तर राहील इथेच."

"म्हणजे माझ्याआधी टाकी परीक्षेला बसणार," निशी म्हणाली आणि हसली. ताट उचलून आत गेली तेव्हा मात्र हसत नव्हती. मोरीत नळाला पाणी नसताना ती बराच वेळ उभी होती. मला रात्रभर एकच दिसत होतं, माझी पोर काळोखात उठून कुठल्यातरी परक्या नळावर तोंड धुतेय.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी खत बंद केलं. युरियाची पिशवी कपाटात ठेवून किल्ली जानव्याला बांधली. गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या शालूनं विचारलं, "काका, आज खत नाय घातलंत?"

"आजपासून उपास त्याला."

"कडक? निर्जळी?"

"पाण्यातच राहतंय ते, निर्जळी कसा होईल?" हे म्हणाले आणि स्वतःच्या विनोदावर खूश होऊन खाली आले.

तिथेच घोळ झाला. आपल्याकडे उपासाचे कायदे कोर्टाच्या कायद्यांपेक्षा पक्के. निर्जळी नाही म्हणजे दूध चालतं. दूध चालतं म्हणजे फळं चालतात. फळं आली की शेंगदाणे, साबुदाणा, रताळं, राजगिरा ओघानं आलंच. उपासाच्या दिवशी आपल्या घरांत एरवीपेक्षा जास्त शिजतं, आणि संध्याकाळी पोटावरून हात फिरवत आपणच म्हणतो, आज उपास घडला. अशा बायकांच्या देखत ह्यांनी शेपट्या हलवणाऱ्या जिवांना उपासाला बसवलं, आणि फराळाचं नावही काढलं नाही.

मला धर्माचं काही पडलं नव्हतं. मला टाकी हिरवी हवी होती. हे बाजारात गेलेले बघून मी शेंगदाण्याचं कूट पाण्यात कालवलं, पदराखाली वाटी घेतली आणि गच्चीवर गेले. तिथे शालू टाकीत दूध ओतत होती. मला बघून दचकली.

"काकी, काकांना सांगू नका. आज संकष्टी. एवढ्याशानं काय होतंय?"

तेवढ्यात दार ढकलून हंसाबेन आल्या. हातात राजगिऱ्याची खीर आणि वर केळ्याच्या चकत्या. क्षणभर आम्ही तिघी एकमेकींच्या वाट्यांकडे बघत राहिलो. मग हंसाबेन म्हणाल्या, "भूखा रखने का पाप किसके माथे? अपनी बिल्डिंग के माथे ने? इतने से क्या होता है!" आणि त्यांनी खीर सोडली. मी कूट सोडलं. त्यांना पुण्य हवं होतं, मला मुलगी. टाकीला दोन्हींतला फरक कळत नव्हता.

त्यानंतर टाकीचा उपास जोरात सुरू झाला. सोमवारी साबुदाणा, गुरुवारी रताळं, एकादशीला तर दोन-तीन घरांतून नैवेद्य. पहिल्या मजल्यावरच्या एका आजींना जिना चढवत नव्हता. त्या नातसुनेकडून वरीच्या तांदळाची पेज पाठवायच्या. कोणी आणलं की म्हणायचं, एवढ्याशानं काय होतंय.

हे मात्र चक्रावून गेले. ह्यांनी बबनकडून मिठाची पोती आणली आणि ओतली. ऊन वाढावं म्हणून टाकीभोवती पत्रे उभे केले. त्यांची तिरीप समोरच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या बैठकीच्या खोल्यांत शिरली आणि तिथले लोक भर दुपारी पडदे ओढून बसू लागले. शेवाळ हिरवं ते हिरवंच. एकदा ह्यांना पाण्यात एक फुगलेला, काचेसारखा गोल दाणा सापडला. ह्यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला, श्वास रोखला आणि मला हाक मारली.

"मनोरमा, काहीतरी अंडं घातलंय. असं मी कुठे वाचलेलं नाही."

निशीनं वाकून पाहिलं आणि पदार्थविज्ञानाचं पुस्तक तोंडासमोर धरून खाली पळाली. स्वयंपाकघरात ती पोट धरून हसत होती. कितीतरी दिवसांनी हसली. ह्यांनी ते अंडं बाटलीत घालून मृणालिनीसाठी जपून ठेवलं.

पण दिवस जात होते तसा ह्यांचा आव उतरत चालला. पूर्वी टाकीजवळ जाऊन थर्मामीटर बुडवायचे आणि परत यायचे. आता कठड्यावर बसून राहायचे. मी चहा घेऊन वर जायचे तर हे भिंगात डोळा घालून पुटपुटत असायचे. एकदा ऐकलं, "दमलेत." मला वाटलं, मिठाची पोती वाहणाऱ्यांबद्दल म्हणत असतील.

असंच एका पाण्याच्या दिवशी मी कपडे भिजवायला काढले. धुण्याआधी खिसे बघायची माझी जुनी सवय. ह्यांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या सदऱ्याच्या खिशात पांढरे दाणे होते. एक-दोन नव्हे, खिशाचा तळ झाकेल इतके. मला साबुदाणाच वाटला. म्हटलं, हेही उपासाला लागले की काय. ओला हात खिशात घातला आणि हात गार पडला.

मी मोरीतच बसले. बादली भरून वाहायला लागली तरी मला नळ बंद करायचं सुचलं नाही, आणि इंद्रलोकात ही साधी गोष्ट नव्हे. जानव्याची किल्ली, सिद्धांत, पत्रे, मीठ, आणि हे खिशातून युरिया नेत होते! उरलेले दाणे मी कोरडे करून कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवले. ह्यांना काही बोलले नाही. नवऱ्याच्या खिशात काही चांगलं सापडलं तर ते लगेच दाखवायचं नसतं. वेळेला उपयोगी पडतं.

मृणालिनी मेच्या अखेरीला आली. पाठीमागून शालू, हंसाबेन आणि रिकामी होती ती सगळी बिल्डिंग गच्चीवर. निशी जिन्याच्या दारात उभी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. मृणालिनीनं परीक्षानळीत पाणी घेतलं, उन्हात धरलं आणि कसलेसे थेंब टाकले.

"सर, हिरवं आहे. एवढं खारं पाणी, एवढं ऊन, आणि तरी इतकं तजेलदार हिरवं मी आजवर पाहिलेलं नाही. कॅरोटीन म्हणाल तर जवळजवळ नाहीच."

निशीनं ओढणी सोडली. मी मनातल्या मनात गणपतीला नारळ बोलले.

"कारण?" ह्यांनी विचारलं.

"नायट्रोजन भरपूर आहे पाण्यात. हे उपाशी नाहीये, सर. ह्याला कोणीतरी खाऊ घालतंय."

 ह्यांना अचानक आठवण झाली आणि हे बाटली घेऊन आले. "ते असू दे. आधी हे बघ. बहुधा नवीनच काही."

मृणालिनीनं बाटली उन्हात धरली, हलवली, झाकण काढून वास घेतला. "सर, हा साबुदाणा आहे. भिजवलेला."

 शालू पुढे आली. "काका, रागवू नका. उपासाचंच घातलं सगळं. कांदा-लसूण काय नाय."

मग एकेकीनं कबूल केलं. दूध, खीर, रताळी, पेज. मी कुटाचं सांगितलं. मृणालिनी हसू दाबत होती. "पण वाटी-वाटीनं एवढं होत नाही, सर," ती म्हणाली. "खतच पडत असलं पाहिजे—"

"ते नंतर बघू," हे घाईनं म्हणाले आणि पत्रे गोळा करायला लागले. मी ते नीट ऐकून ठेवलं.

मृणालिनी चहा घेऊन गेली. जाताना म्हणाली, कोळंबीची पिल्लं वाढवणारे असं हिरवं शेवाळ आनंदानं नेतात, त्यांना विचारून बघा. ह्यांनी नुसती मान हलवली. दार लावलं, आणि मला वाटलं, सुटलो. टाकी नापास झाली. निशी आपल्याकडे राहिली.

हे माळ्याजवळ गेले, स्टूल घेतलं आणि वरची लोखंडी पेटी खाली काढली.

"हे काय?" मी विचारलं.

"सिद्धांत बरोबरच आहे. मृणालिनी काय म्हणाली ते ऐकलंस ना? उपाशी राहिलंच नाही ते. चूक शेवाळाची नाही, घराची आहे. इथे कोणाला कडक होताच येत नाही. एकीनं दूध ओतायचं, दुसरीनं खीर. ह्या घरात टाकी लाल होत नाही आणि ह्या घरात मुलगी डॉक्टर होणार नाही. उद्या क्लासचे पैसे भरतो. निशी, कपडे भर."

 आम्ही महिनाभर वाट्या नेऊन पोरीच्याच पेटीची वाट मोकळी करून दिली होती. निशी भांडली असती तर मला सोसलं असतं. तिनं मुकाट्यानं पेटीचं झाकण उघडलं, आतली धूळ ओढणीनं पुसली आणि कपाटातून पहिला ड्रेस काढून घडी घालायला बसली. तिची मान खाली गेली होती आणि वेणी डावीकडे झुकली होती.

मी आत जाऊन डबी आणली. माठातल्या पाण्यात बोटं बुडवली, ह्यांचा हात हातात घेतला, तळवा ओला केला आणि डबी त्यावर उपडी केली.

ह्यांनी खाली पाहिलं. दाणे विरघळायला लागले. ह्यांना काय आहे ते सांगावं लागलं नाही. बोटं आपोआप मिटली.

"कुठे मिळालं?"

"पट्ट्यापट्ट्यांच्या सदऱ्यात. घर कडक नाही म्हणालात ना? ह्या घरात तुम्हीही राहता."

 हे मूठ तशीच धरून स्टुलावर बसले. गोळ्या नापास करणारा तो चेहरा एवढासा झाला होता. "पोहायचे थांबले होते, गं," हे म्हणाले. "भिंगात दिसायचं मला. एकेक करून तळाशी बसत होते. लाल होतील, होतील, म्हणून बघायला जायचो आणि बघवायचं नाही." मुठीतून पाणी मनगटावर ओघळत होतं. "चिमूटभरच घालायचो."

"चिमूटभर? खिसा भरला होता."

निशी घडी घालायची थांबली होती. ह्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग पेटीकडे पाहिलं. उठले, पेटीतला ड्रेस काढून कपाटात ठेवला, उलट्या बाजूनं का होईना, आणि पेटी माळ्यावर चढवायला लागले. दुसरी मूठ अजून मिटलेलीच, एका हाताला चढेना. निशीनं खालून ढकलली.

त्या दुपारी मी आमरस केला होता, मृणालिनी जेवायला थांबेल म्हणून. आम्ही तिघंच जेवायला बसलो.  निशी पायानं हळूहळू ठेका धरायला लागली, तेव्हा ह्यांनी पातेलं स्वतःकडे ओढलं आणि तिची वाटी भरली.

"बाबा, पुरे."

वाटी काठोकाठ भरली होती. ह्यांनी आणखी एक पळी ओतली. रस काठावरून ताटात पसरला.

"एवढ्याशानं काय होतंय," हे म्हणाले.